वॉर्डातली वही

आमच्या घरात नर्सिंग शिरलं ते एका विधवेच्या हट्टापायी. माझ्या आत्याची आत्या, जिला सगळं घर आक्का म्हणत असे, चौदाव्या-पंधराव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी परतली. पुढचं आयुष्य म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक, भावजयांची बाळंतपणं आणि चातुर्मासातल्या कहाण्या, हे ठरल्यासारखंच होतं. पण पुण्यात तेव्हा रमाबाई रानडे सेवासदन चालवत होत्या. १९०९ साली सुरू झालेल्या या संस्थेनं दोनेक वर्षांतच बायकांना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. ही बातमी कुणीतरी घरात आणली आणि आक्कानं जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी वडील नमले, ही आत्याची एक कथा. दुसऱ्या कथेत वडील नव्हे, आजी नमली. आत्या सांगायची तेव्हा दर वेळी गोष्टीत काहीतरी बदलायचं. जेवण सोडल्याचं मात्र कधी बदललं नाही.

विरोध नेमका कशाला होता, हे आजच्या मुलींना समजावून सांगावं लागतं. परक्या जातीच्या माणसांना शिवायचं, पुरुषांच्या अंगाला हात लावायचा, रात्रीचं घराबाहेर राहायचं. बाळंतपण हे तर विटाळाचं काम. गावोगावी ते दलित समाजातल्या सुइणी करत आणि त्यांच्या कसबाची नोंद कुणी ठेवली नाही. आक्का सुट्टीला घरी यायची ती मागच्या दारानं. परसात अंघोळ, वेगळं लुगडं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. घरातली पोरं आजारी पडली की मात्र हीच मागच्या दाराची बाई पुढच्या दारानं बोलावली जायची, आणि हे सांगताना आत्याच्या आवाजाला एक धार यायची.

आक्का काही पहिली नव्हती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला एक नाव सगळ्यांना पाठ असतं : बाई काशीबाई गणपत, १८९१, मुंबई, प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय परिचारिका. आमच्या पुस्तकात एवढी एकच ओळ होती. ही बाई कुठली, तिला कुणी अडवलं, कुणी साथ दिली, काही नाही. शिवाय आपल्याकडच्या नर्सिंगचा पाया मिशनच्या रुग्णालयांत घातला गेला आणि तो ख्रिस्ती मुलींनी घातला. मिरजेला वानलेस डॉक्टरांचं रुग्णालय १८९४ मध्येच उभं राहिलं होतं. आमच्या आक्काच्या हट्टाचं कौतुक मी करते, पण त्या हट्टाआधी वीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी मुली हे काम निमूट करत होत्या. उच्चवर्णीय घरातली बाई आली की तिची कथा होते, हेही खरंच.

शिकून झाल्यावर आक्का एका तालुक्याच्या गावी 'नर्सबाई' म्हणून राहिली. तिच्या तिथल्या वास्तव्यातली एकच गोष्ट मला सांगण्यासारखी वाटते, आणि ती तिच्या वहीची आहे. प्रत्येक बाळंतपणाची नोंद ती मोडीत करून ठेवायची. तारीख, बाईचं कितवं मूल, नाळ कशानं कापली, तिच्यावर काय लावलं, बाळंतिणीला ताप आला का, बाळ दहाव्या दिवशी अंगावर पीत होतं का. नाळ विळ्यानं कापून तिच्यावर शेण किंवा राख लावायची पद्धत तेव्हा सर्रास होती. अशी बाळं पाचव्या-सहाव्या दिवशी दूध ओढेनाशी व्हायची, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं ताठायचं. आणि पाचवीच्या-सहावीच्या रात्रीच तर सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. तेव्हा बाळ गेलं की लोक म्हणायचे, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. आक्कानं सटवाईशी भांडण काढलं नाही. पूजा होऊ दिली, पाटा-वरवंटा मांडू दिला. ती फक्त आपली कात्री आणि दोरा उकळून घ्यायची आणि वहीत लिहीत राहायची. दोन-तीन वर्षांनी ती वही तिनं तालुक्याच्या डॉक्टरांपुढे ठेवली. राखेची बाळं एका बाजूला, उकळलेल्या कात्रीची दुसऱ्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, हे सगळं पुस्तकात आहेच. आक्का म्हणाली, 'पुस्तकात असेल. या गावात नव्हतं.'

हे उत्तर आक्काचं की आत्यानं तिच्या तोंडी घातलेलं, ते देव जाणे. वही असती तर मी आणखी काही सांगितलं असतं. आक्का गेल्यावर घरातल्यांना मोडी वाचता येईना, म्हणून ती वही न्हाणीघरातल्या बंबात गेली. एवढ्या नोंदींवर किती बादल्या पाणी तापलं असेल, या विचारानं मला आजही त्रास होतो.

आत्या स्वतः १९५३ साली मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात प्रोबेशनर म्हणून लागली. काळ बदलला होता, देश स्वतंत्र झाला होता, पण नर्सची गणती फारशी बदलली नव्हती. १९४६ साली भोर समितीनं जो अहवाल दिला त्यात देशभरात नर्स जेमतेम सात हजार असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे साधारण त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. पाचशे माणसांमागे एक नर्स असावी, हे समितीनं पुढच्या पंचवीस वर्षांचं उद्दिष्ट म्हणून मांडलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली जी त्या काळी बऱ्याच डॉक्टरांना चैन वाटली असेल : नर्सचं शिक्षण विद्यापीठातही व्हायला हवं. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला पदवी अभ्यासक्रम सुरू झाले.

आत्याच्या वॉर्डात यातलं काही पोचलं नव्हतं. तिच्या आठवणी म्हणजे उकळत्या पाण्यातल्या काचेच्या सिरिंजा, दगडावर घासून धार लावलेल्या सुया, ठिगळ लावून पावडर भरून पुन्हा वापरलेले रबरी हातमोजे. थर्मामीटर फुटला तर पगारातून कापायचे, म्हणून तो झटकताना काळजाचा ठोका चुकायचा. मेट्रन पांढरा रुमाल घेऊन खाटेच्या खालच्या दांडीवरून फिरवायची. डॉक्टर आले की हात मागे बांधून उभं राहायचं. रुग्णानं 'माझा ताप किती?' असं विचारलं तर स्वतःच मोजलेला ताप सांगायचा नाही. 'डॉक्टरांना विचारा' म्हणायचं. नर्स म्हटलं की ठरत आलेलं स्थळ मोडायचं, आणि लग्न झालं की अनेक ठिकाणी नोकरी सोडावी लागायची. आत्यानं लग्न केलं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.

एक गोष्ट ती रंगवून सांगायची. रात्रपाळी, पोटाच्या ऑपरेशनचा रुग्ण, नाडी जलद होत चाललेली, चेहरा घामेजलेला. आतून रक्तस्राव होतोय हे तिला कळलं होतं. पण 'रक्तस्राव होतोय' हे शब्द उच्चारणं म्हणजे निदान करणं, आणि निदान हे डॉक्टरांचं. म्हणून वॉर्डबॉय मामांना पाठवून झोपलेल्या हाउसमनला उठवायचं आणि म्हणायचं, 'सर, मला जरा पेशंट बरा वाटत नाही. आपण एकदा नजर टाकली असती तर...' मग डॉक्टर यायचे, तपासायचे, आणि आत्याला आधीच माहीत असलेली गोष्ट तिला सांगायचे. 'सर, बरं झालं आपण आलात,' असं म्हणून ती ट्रॉली ओढायची, जी तिनं अर्ध्या तासापूर्वीच मांडून ठेवलेली असायची.

आम्ही हसायचो. पुढे नर्सिंगच्या एमएस्सीला असताना लायब्ररीत माझ्या हाती लिओनार्ड स्टाइन नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाचा १९६७ सालचा एक निबंध आला. डॉक्टर आणि नर्स यांच्यात एक खेळ चालतो, त्यात सल्ला नर्सनं द्यायचा पण दिल्यासारखं दाखवायचं नाही, आणि डॉक्टरनं तो घ्यायचा पण घेतल्यासारखं दाखवायचं नाही, असं त्यानं लिहिलं होतं. मी तो निबंध वाचता वाचता चक्रावले. मुंबईच्या वॉर्डातली माझी आत्या याला कुठे भेटली? आणि मग हसू गेलं. कारण खेळ म्हणून तो ठीक, पण त्या गोड वाक्यरचनेत जी दहा मिनिटं जायची ती रुग्णाच्या रक्तातून जायची. नर्सनं पुढचं शिकायचं कशासाठी, याचं पहिलं उत्तर मला तिथे मिळालं. 'मला जरा बरं वाटत नाही' याऐवजी 'नाडी एकशेतीस, बीपी ऐंशी, पोट ताठ आहे, आतला रक्तस्राव वाटतो, ताबडतोब या' असं म्हणण्याची हिंमत आणि ते म्हणण्यासाठी लागणारं ज्ञान, दोन्ही एकदम यावं लागतं. नुसती हिंमत असली तर तिला आगाऊ म्हणतात. नुसतं ज्ञान असलं तर ती ट्रॉली मांडून वाट बघते.

एमएस्सीला आम्हाला शिकवायला ज्या बाई होत्या, त्या माझ्या या कहाणीतल्या तिसऱ्या वडीलधाऱ्या. दिल्लीच्या कॉलेज ऑफ नर्सिंगमध्ये १९५९ साली देशातला पहिला पदव्युत्तर नर्सिंग अभ्यासक्रम सुरू झाला, आणि बाई त्याच्या सुरुवातीच्या काही बॅचमधल्या. या कॉलेजला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचं नाव मिळालं. मुंबईहून रेल्वेनं होल्डॉल घेऊन निघालेल्या या मराठी मुलीला स्टेशनवर पोचवायला आलेल्या काकांनी विचारलं होतं, 'इंजेक्शन द्यायला आणखी दोन वर्षं काय शिकायचं असतं?' बाई म्हणायच्या, हा प्रश्न मला पुढे सचिवालयात दोनदा आणि एका कुलगुरूंनी एकदा विचारला. फक्त काकांचा हेतू चांगला होता.

दिल्लीत त्यांना पहिल्याच महिन्यात एक काम दिलं गेलं. वॉर्डाच्या कोपऱ्यात उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही, आणि ड्युटीवरची नर्स दर पंधरा मिनिटांनी काय करते आहे ते लिहायचं. तीन वर्षं वॉर्डात राबलेल्या मुलींना नुसतं उभं राहणं म्हणजे शिक्षा वाटली. पण दुपारपर्यंत बाईंच्या कागदावर चित्र उमटू लागलं : चादरी मोजणं, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढणं, हरवलेली भांडी शोधणं, रजिस्टर भरणं. रुग्णाजवळ ती नर्स होती कधी? बाई सांगायच्या, 'मी स्वतः इतकी वर्षं तेच करत होते गं, पण करताना दिसत नाही.' स्वतःच्या कामाकडे चार पावलं मागे सरकून पाहायला शिकवणं, हे त्यांच्या मते त्या दोन वर्षांचं सार होतं. बाकीचं सगळं पुस्तकात मिळतं.

१९६४ साली एसएनडीटी विद्यापीठानं मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढलं. बाईंसारख्या दिल्लीहून परतलेल्यांना महाराष्ट्रातच शिकवण्याची वाट मोकळी झाली. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये ज्या विद्यापीठाची सुरुवात केली त्याच्या छत्राखाली नर्सिंगची पदवी आली, याचं बाईंना फार अप्रूप. आक्काची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'तुझ्या आक्कानं डिझर्टेशन केलं होतं. गाइड मिळाला नाही, एवढंच.'

बाईंचा एक नियम होता. आमच्या प्रत्येक वहीत तीन रकाने आखायचे : पाहिलं, वाचलं, ऐकलं. कुठलंही विधान केलं की ते कोणत्या रकान्यातलं ते सांगायचं. 'जखमेवर असं करतात' हे ऐकलं. 'अमुक लेखकानं असं म्हटलं' हे वाचलं. पाहिलं या रकान्यात आमच्याकडे सुरुवातीला काहीच नसायचं, आणि याची लाज वाटायला लागल्यावर आम्ही वॉर्डात डोळे उघडे ठेवून फिरायला लागलो. बारा मेला परिचारिका दिन असतो, दिवे लावतात, भाषणं होतात. बाई त्या भाषणांवर वैतागायच्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा सगळ्यांना आठवतो, हातातले आकडे कुणालाच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले, हे त्या बाईनं मोजून आणि आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. पण बाईंना भाबडी भक्तीही मान्य नव्हती. नर्सेसची परीक्षा आणि सरकारी नोंदणी यांना याच नाइटिंगेलबाईंचा ठाम विरोध होता, कारण नर्सचं चारित्र्य परीक्षेत मोजता येत नाही असं त्यांना वाटे. 'त्यांचं ऐकलं असतं तर तुम्ही आणि मी आज इथे नसतो,' बाई म्हणायच्या, आणि पुढे लगेच, 'पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता, हे लक्षात ठेवा.'

आता बेडसोअरची गोष्ट. माझ्या एमएस्सीच्या पहिल्या वर्षातल्या दिवाळीत ती घडली.

आत्याच्या पिढीचा अभिमान म्हणजे बॅक केअर. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ धुवायची, स्पिरिट लावून तळहातानं गोल गोल चोळायची, वर टाल्कम पावडर. माकडहाड, टाचा, खांद्याची हाडं, कोपरं. वॉर्डात कुणाला बेडसोअर झाला तर तो रुग्णाचा आजार नव्हे, नर्सचा गुन्हा. मेट्रन त्या सिस्टरला ऑफिसात बोलावायची. आत्याच्या खाटांवर कधी बेडसोअर झाला नाही, आणि याचं श्रेय ती आपल्या तळहातांना द्यायची.

आणि मी नुकतंच डोरिन नॉर्टन या ब्रिटिश नर्सचं काम वाचलं होतं. तिनं दोन सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेवर केलेला अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून निघालं ते असं : हाडाच्या उंचवट्यावर सतत दाब आला की तिथलं रक्त थांबतं आणि मांस मरतं. तो दाब हलवणं हा उपाय. वर काय चोळता, कुठलं मलम, कुठला लेप, याला फारसा अर्थ नाही. कुणाला धोका जास्त हे ओळखण्यासाठी तिनं पाच बाबी धरल्या : शरीराची अवस्था, शुद्ध, चालणं-फिरणं, अंग हलवता येणं आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकीला एक ते चार गुण. वीसपैकी चौदा किंवा कमी आले की सावध व्हायचं. कागदाच्या चिटोऱ्यावर मावणारी ही पट्टी जगभरच्या वॉर्डांत पोचली. पुढे कळत गेलं की स्पिरिटनं कातडी कोरडी पडते आणि लाल झालेल्या जागी चोळल्यानं आतलं नुकसान उलट वाढतं.

फराळाच्या ताटावर मी हे सगळं आत्याला सांगितलं. ती चकली मोडत ऐकत होती. घरातल्यांना वाटलं आता वाद होणार. ती म्हणाली, 'पाठ चोळायची म्हणजे आधी काय करायला लागतं?'

मी म्हटलं, 'रुग्णाला कुशीवर वळवायला लागतं.'

'आणि चोळून झाल्यावर तसंच उताणं टाकायचो का आम्ही? दुसऱ्या कुशीवर ठेवायचो, उशी देऊन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री दोनदा. मग तुझ्या त्या बाईनं आमचंच तर सांगितलं की!'

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वर्गात तो प्रसंग फळ्यावर मांडला आणि तासभर त्यावर बोलल्या. आत्याच्या हातांना उपाय ठाऊक होता, पण त्या उपायातला कोणता भाग काम करतो हे ठाऊक नव्हतं. त्यामुळे काय झालं? पुढे नर्स कमी पडल्या, रुग्ण वाढले, वेळ उरेना. तेव्हा वॉर्डांनी काय वाचवलं आणि काय सोडलं? स्पिरिट आणि पावडर चालू राहिली, कारण ती दिसते, ती रजिस्टरमध्ये 'बॅक केअर दिली' म्हणून लिहिता येते. वळवणं सुटलं, कारण त्याला दोन माणसं लागतात. म्हणजे जे निरुपयोगी होतं ते टिकलं आणि जे तारत होतं ते गेलं. कारण माहीत नसलेलं चांगलं काम कठीण दिवस आले की असं उलट्या बाजूनं गळतं. माझ्या मते पदव्युत्तर शिक्षणाचा यापेक्षा मोठा हेतू कुठल्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर छापलेला मी पाहिला नाही. आत्याच्या हाताला कमी लेखायचं नाही. त्या हातातलं नेमकं काय जपायचं ते शोधून काढायचं.

बेडसोअरचं बोलणं निघालं की मुंबईतल्या कुणालाही केईएम रुग्णालय आठवतं. अरुणा शानबाग तिथली नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिच्यावर रुग्णालयातच अत्याचार झाला आणि त्यानंतर मे २०१५ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळपास बेचाळीस वर्षं, तिथल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. एका पिढीनं निवृत्त होताना पुढच्या पिढीच्या हाती दिलं. इतक्या वर्षांत तिला बेडसोअर झाला नाही, असं रुग्णालयानं सांगितलं. तिच्या मरणाच्या हक्काचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयानं मार्च २०११ च्या निकालात तिच्या वतीनं बोलण्याचा अधिकार या रुग्णालयातल्या माणसांचा मानला, आणि त्यांना ती जगायला हवी होती. त्या निकालाशी सहमत असणं-नसणं हा वेगळा विषय. माझी स्वतःची मतं त्यावर दोनदा बदलली आहेत. पण नर्सिंगच्या नीतिशास्त्राच्या तासाला मी हे प्रकरण नेहमी घेते. रुग्णाची इच्छा, रुग्णाचं हित, आपली माया, या तिन्हींत फरक करता येतो का? ज्या बाईला बोलता येत नाही तिच्या वतीनं बोलताना आपण तिचं बोलतो की आपलं? केईएमच्या नर्सेसनी आपलं उत्तर हातांनी दिलं होतं. ते शब्दांत, न्यायालयापुढे, विरोधी बाजू ऐकून घेऊन मांडता येणं ही पुढची पायरी आहे, आणि ती शिकवावी लागते.

एवढं सगळं म्हटल्यावर आमच्या घरातली धूळही दाखवायला हवी. कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत जा आणि एमएस्सीच्या डिझर्टेशनचं कपाट उघडा. काळ्या बांधणीच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रबंधांची रांग. त्यांतल्या निम्म्यांची शीर्षकं एकाच साच्यातली असतात : अमुक शहरातल्या निवडक ठिकाणच्या तमुक लोकांच्या ढमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाचा परिणाम. साठ नमुने, आधी एक प्रश्नावली, मग अर्धा तास तक्ते दाखवून भाषण, आठ दिवसांनी तीच प्रश्नावली. गुण वाढले. वाढणारच! ज्याला आत्ताच सांगितलं त्याला आठ दिवसांनी तेच विचारलं तर गुण वाढतील नाही तर काय होईल? त्या लोकांचं वागणं बदललं का, कुणाची जखम लवकर भरली का, हे बघायला सहा महिने लागतात आणि तेवढा वेळ विद्यापीठाच्या वेळापत्रकात बसत नाही. दोन वर्षांत शिक्षणशास्त्र आहे, संशोधन आणि संख्याशास्त्र आहे, व्यवस्थापन आहे, आपल्या खास विषयाचे पेपर आहेत, आणि उरलेल्या फटीत हा प्रबंध. आक्काची वही दोन-तीन वर्षांची होती आणि तिच्यात बाळ जगलं की गेलं हे लिहिलं होतं. या कपाटापुढे उभी राहिले की मला त्या बंबाची आठवण येते आणि चुकीचे कागद जळले असं वाटतं.

शिक्षणानं फरक पडतो का, असा थेट प्रश्न कुणी विचारला तर माझ्याकडे एक चांगलं उत्तर आहे. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. नऊ युरोपीय देश, तीनशे रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण. नर्सकडे एक रुग्ण वाढला की महिनाभरातल्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती, आणि पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की ती सात टक्क्यांनी घटत होती. हा अभ्यास पदवीचा आहे, पदव्युत्तराचा नाही, आणि युरोपातला आहे. आपल्याकडे रात्रपाळीला एका सिस्टरच्या अंगावर चाळीस खाटा असणं बातमीही होत नाही. तिथे सिस्टर कितीही शिकलेली असो, तिचे पाय तेवढेच वेगानं चालणार. तरीही त्या अभ्यासातली एक गोष्ट इथेही लागू आहे : तिथली शिकलेली नर्स रुग्णाजवळ होती.

आपल्याकडे ती तिथे राहत नाही. एमएस्सीला प्रवेश घ्यायचा तर आधी किमान वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. पण एमएस्सी झाली की तिचा वॉर्ड सुटतो. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी शिडी आहे, आणि ती मुख्यतः सेवेच्या वर्षांवर चढायची. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आणि खाटेजवळच राहू इच्छिणाऱ्या मुलीसाठी त्या शिडीवर वेगळी पायरी नाही. म्हणून ती पाठ्यनिर्देशिका होते, कॉलेजात लागते, किंवा परदेशी जाते. माझ्याच हाताखालून गेलेल्या, अतिदक्षता विभागात ज्यांचे हात बघत राहावेत अशा मुली आज पॉवरपॉइंट करतात. मीही तेच केलं, हे मान्य करूनच बोलते. पगार बरा, रात्रपाळी नाही, साडीला डाग नाही, समाजात 'मॅडम'. कुणाला दोष देणार? गेल्या काही वर्षांत भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आणला. त्यात शिक्षण बहुतांश खाटेजवळच होतं, आणि ठरवून दिलेल्या चौकटीत औषधोपचाराचे निर्णय घेण्याची तयारी करून घेतली जाते. मला तो मनापासून आवडला. पण शिकून बाहेर पडलेल्या मुलीला त्या नावाची जागा किती रुग्णालयांत आहे, हा जुनाच प्रश्न तिथेही उभा आहे.

आत्या वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी गेली. शेवटचे काही आठवडे ती अंथरुणावर होती आणि सांभाळायला येणाऱ्या मुलीला वळवायच्या वेळा ती स्वतः सांगायची, घड्याळाकडे बघून. स्पिरिटची बाटली तिनं शेवटपर्यंत उशाशी ठेवली. मी काही बोलले नाही.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संसदेनं केला. नवे अभ्यासक्रम लिहिले जातील, उद्दिष्टांची नवी पानं छापली जातील. माझं मागणं त्या पानांच्या बाहेरचं आणि अगदी साधं आहे. प्रत्येक शिकाऊ रुग्णालयाच्या प्रत्येक विशेष विभागात एमएस्सी झालेली निदान एक सिस्टर रुग्णसेवेच्या पदावर नेमा. तिचा पगार कॉलेजातल्या अध्यापिकेइतका ठेवा, आठवड्यातला एक दिवस तिला आपल्या वॉर्डाच्या नोंदी तपासायला मोकळा द्या, आणि तिनं लिहिलेलं डॉक्टरांच्या सकाळच्या राउंडमध्ये मोठ्यानं वाचलं जाईल असा नियम करा. यासाठी वेगळं विद्यापीठ लागत नाही, नवी इमारत लागत नाही. पदनिर्मितीचा एक शासननिर्णय पुरतो.